उपसा चालू असलेली खाण

विचारा, सांगते : वाचकांचे प्रश्न

उन्हाळी अंकात मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या सूदान या लोखंडाच्या खाणीबद्दल अर्धं पान लिहिलं होतं. खाण बंद पडली, तरी लोक ती पाहायला तारदोरीवरच्या लोखंडी पिंजऱ्यातून जवळजवळ पाऊण किलोमीटर खाली उतरतात आणि तिच्या पोटात शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळाही उभारली होती, एवढंच त्यात होतं. अमळनेरच्या पत्त्यावर त्याची इतकी पत्रं आली की हा सगळा भाग त्यांनाच दिला आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत. मी एकतीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. २०१५च्या जुलैत लेकीकडे गेले होते, तेव्हा त्या खाणीत एकदाच उतरले. तेव्हा मी सांगते आहे ते शिक्षिका म्हणून आणि पाहुणी म्हणून.

ताई, आमचा मुलगा मिनियापोलिसला आहे. यंदा आम्ही दोघं जाणार. माझं वय ६४, रक्तदाबाची गोळी चालू, मंडळींचे गुडघे दुखतात. सूदानला जाण्यासारखं आहे का? आणि पिंजऱ्याची दोरी तुटली तर?
*— निवृत्त बँक कर्मचारी, भुसावळ*

दादा, जा. आधी डॉक्टरांना विचारा, पण जा.

मिनियापोलिसहून गाडीनं साधारण चार तास लागतात. शेवटचा तासभर दोन्ही बाजूंना नुसतं जंगल आणि तळी. मग झाडांच्या वर एक लोखंडी मनोरा दिसतो. शाफ्टच्या, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या खोल भोकाच्या, तोंडावरचा हा सांगाडा, याच्या माथ्यावरच्या चाकावरून पिंजऱ्याची तारदोरी खाली जाते. आमच्याकडे विहीर खणताना वर यारी बसवतात ना, तीच ही, फक्त आकारानं राक्षसी.

वर डोक्याला शिरस्त्राण देतात. स्वेटर मात्र तुम्हीच न्या, आणि चांगला जाड न्या. बाहेर जुलैचं ऊन असो की जानेवारीचं बर्फ, खाली बारा महिने दहा-अकरा अंश सेल्सियस. मी कॉटनच्या साडीवर पातळ शाल घेऊन गेले होते. दीड तासानं बोटं इतकी आखडली की वहीत लिहिता येईना.

पिंजरा लहान आहे, माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतात. दार लागतं, घंटेचे ठोके पडतात, आणि सुरू झाल्यावर आवाज इतका की शेजारच्याशी बोलणं होत नाही. सुमारे तीन मिनिटं. शाफ्ट सरळ उभा नाही, ७८ अंशांचा तिरका आहे, म्हणून पिंजरा पन्हाळीतून घसरल्यासारखा रुळावरून जातो आणि हादरे बसतात. कान दडतात, आवंढा गिळत राहायचं. बंद जागेची भीती वाटत असेल तर या तीन मिनिटांचा विचार आधी करा. पुढं खाली जागा मोकळी आहे.

सत्ताविसाव्या पातळीवर दार उघडतं. ती जमिनीपासून २,३४१ फूट, म्हणजे ७१३ मीटर खोल आहे. वडिलांची विहीर दहा परस, साठ फूट. तशा एकोणचाळीस विहिरी एकाखाली एक ठेवल्या की सूदानचा तळ येतो. तिथून छोट्या आगगाडीत बसवून बोगद्यातून सव्वा किलोमीटरच्या आसपास नेतात, आणि शेवटच्या कामाच्या जागेपर्यंत अरुंद गोल जिना चढावा लागतो. वहिनींच्या गुडघ्यांची परीक्षा तिथंच आहे. त्यांनी कठडा धरून सावकाश चढावं, आणि वाटाड्याला आधीच सांगून ठेवावं.

वर पोचलं की वाटाड्या दिवे मालवतो. असा अंधार मी आयुष्यात पाहिला नव्हता. आपल्याकडे अमावास्येच्या रात्री शेतातसुद्धा थोड्या वेळानं हात दिसतो. तिथं डोळ्यांसमोर तळहात धरला तरी डोळे उघडे आहेत की मिटलेले ते कळत नाही. मग त्यानं एका मेणबत्तीएवढा उजेड केला. सुरुवातीचे कामगार एवढ्याच उजेडात हातोड्यानं पहारीवर घाव घालून सुरुंगाची भोकं पाडत. पहार धरणाऱ्यानं हात हलवायचा नाही. माझ्या शेजारी उभी असलेली मुलगी रडायला लागली होती, आणि मलाही भरून आलं.

दोरीचं सांगते. पिंजरा ओढणारं यंत्र १९२४ सालचं आहे, ते चालवायला माणूस बसतो, आणि त्याच्या देखभालीवरच सगळं अवलंबून असतं. शिवाय खाणीच्या पिंजऱ्यांना बाजूच्या मार्गदर्शक तुळयांत रुतणारे पकडदात बसवतात. दोरीचा ताण गेला की ते आपोआप बाहेर येतात आणि पिंजरा जागीच अडकतो. धोका तिथं कधी आलाच नाही असंही मी म्हणणार नाही. मार्च २०११मध्ये याच शाफ्टमध्ये आग लागली होती. कोणाला इजा झाली नाही, पण ती विझवून, शाफ्ट दुरुस्त करून मगच लोकांना पुन्हा खाली सोडलं.

बाहेर पडताना बूट ओल्या पट्टीवर पुसून घेतात. वटवाघळं थंडीत या खाणीत झोपायला येतात, आणि त्यांच्या नाकावर पांढरी बुरशी धरणारा एक रोग अमेरिकेत पसरला आहे. आपल्या तळव्यांना चिकटून ती बुरशी दुसऱ्या गुहेत जाऊ नये म्हणून हे. दुसऱ्या एखाद्या गुहेत वापरलेले बूट तिथं घालू नका. खाण पाहण्याचा हंगाम उन्हाळ्याचा असतो, म्हणून निघण्याआधी मुलाला तारखा पाहून तिकीट काढायला सांगा.

बाई, एक गोष्ट पटत नाही. आमच्याकडे साठ-सत्तर फुटांवर झरे लागायचे, आता बोअर कितीतरी खाली गेले, तरी पाणी कुठं ना कुठं आहेच. मग अडीच हजार फूट खोल भोक कोरडं कसं?
*— शेतकरी, रावेर तालुका*

नाना, सगळ्या पत्रांत मला तुमचा प्रश्न जवळचा वाटला. ती खाण कोरडी नाही. ती कोरडी ठेवली आहे.

१९७२च्या दुष्काळात वडिलांनी विहीर खोल करायला घेतली, तेव्हा मी तेरा वर्षांची होते. मुरूम संपून काळा पाषाण लागला. सुरुंग, मग दगड काढणं, मग पुन्हा सुरुंग. वडारांची माणसं खाली उतरायच्या आधी पहिलं काम उपशाचं असे. रात्रीतून पाझरलेलं पाणी पहाटे इंजिन लावून उपसायचं, तेव्हा कुठं तळ दिसायचा. एक दिवस इंजिन बिघडलं. तिसऱ्या दिवशी खाली ठेवलेल्या कुदळी पाण्यात गेल्या होत्या. दुष्काळातसुद्धा! वडील काठावर बसून त्या पाण्याकडे बघत होते, आनंद मानावा की दुःख ते त्यांना कळत नव्हतं.

खाणीचंही असंच असतं. जमिनीत भोक पाडलं की भोवतालच्या भेगांतलं पाणी त्याच्याकडे धावतं. सूदानचा हिरवट जुना खडक घट्ट आहे, पाझर कमी, म्हणून उपसाही तुलनेनं कमी. पण तो थांबवता येत नाही. लोखंड काढणं १९६२च्या डिसेंबरात संपलं. कंपनीनं खाण राज्याला देऊन टाकली, १९६५पासून लोक ती पाहायला उतरू लागले, आणि त्या सगळ्या वर्षांत पंप चालत राहिले म्हणून सत्ताविसावी पातळी आजही पायाखाली आहे. खाली गाडीची वाट पाहत उभी असताना बोगद्याच्या कडेनं चरातून पाणी वाहताना मी पाहिलं. बाकीचे लोक छताकडे पाहत होते.

उपसा थांबला तर काय होतं, याची दोन उदाहरणं देते.

पहिलं अमेरिकेतलंच. साउथ डकोटा राज्यात होमस्टेक नावाची सोन्याची खाण आहे. तिच्यात ४,८५० फूट खोल रेमंड डेव्हिस नावाच्या शास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात सुमारे ३ लाख ८० हजार लिटर द्रवाची टाकी बसवली. द्रव कोणता, तर कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगला वापरतात तो. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो नावाचे कण त्यात पकडायचे होते. ते सापडले, पण हिशेबापेक्षा एक तृतीयांशच. या कामाबद्दल २००२ साली त्यांना नोबेल मिळालं. त्याच सुमाराला खाण बंद झाली आणि २००३मध्ये पंप थांबवले. पाणी चढत चढत डेव्हिस यांची ती खोली बुडवून वर आलं. मग तिथं मोठी प्रयोगशाळा करायचं ठरलं, २००८मध्ये पुन्हा उपसा सुरू केला, आणि वर्षभरानं ती पातळी उघडी झाली. आज तिथं प्रयोग चालतात.

दुसरं आपलं, आणि ते लिहिताना मला आजही वाईट वाटतं. कर्नाटकातल्या कोलार सोनखाणीत, सव्वादोन किलोमीटरहून जास्त खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं जपानच्या ओसाका आणि इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठांबरोबर प्रयोग मांडला. मेनन, श्रीकंठन, मियाके, वुल्फेन्डेल ही माणसं होती. १९६५ साली वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोची जगातली पहिली नोंद तिथं झाली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोनखाणीतही दुसऱ्या गटाला ते दिसले. पुढं १९८०च्या दशकात तिथंच १४० टन लोखंडाचं यंत्र लावून प्रोटॉन फुटतो का हे पाहिलं. फेब्रुवारी २००१मध्ये कोलारची खाण बंद झाली आणि उपसा संपला. आता तिचे खोल मजले पाण्याखाली आहेत. माझ्या विद्यार्थ्यांना मी त्या प्रयोगाची आकृती फळ्यावर काढून दाखवत असे. ती जागा दाखवायला नेता आलं असतं तर!

नाना, तुम्ही रात्री अकराला लाइट आली की उठून मोटार चालू करायला जाता. एक आठवडा गेला नाहीत तर विहीर कुठवर भरेल ते तुम्हाला बोटावर सांगता येतं. होमस्टेकमध्येही असाच हिशेब करणारी माणसं होती.

मॅडम, प्रयोग जमिनीखालीच का करतात? वर मोठी इमारत बांधून होत नाही का? आणि न्यूट्रिनो जर कशातूनही आरपार जातो तर तो पकडतात कसा?
*— अकरावी विज्ञान, धुळे*

बाळा, आत्ता तू हे वाचतोस तेव्हा तुझ्या तळहातातून दर सेकंदाला एखाद-दुसरा म्युऑन जातो आहे. अवकाशातून येणारे वेगवान कण हवेच्या वरच्या थरात आपटतात, त्यातून हे तयार होतात. छप्पर, भिंती त्यांना अडवत नाहीत. न्यूट्रिनोची खूण फार दुर्मिळ आणि पुसट. तिच्यावर म्युऑनचा असा पाऊस पडत असेल तर ती ओळखणार कशी? आखाजीच्या दिवशी झोक्यांवर बायका गाणी म्हणताहेत, ढोल वाजतो आहे, आणि तू पलीकडच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक मोजायला बसलास असं समज.

खडक हा आवाज गिळतो. सूदानच्या खोलीवर म्युऑन सुमारे एक लाखपटीनं कमी होतात. एवढ्या जाडीचं छप्पर कोण बांधणार? खाणकामगारांनी ते आयतं ठेवलं आहे.

आता पकडण्याचं. सूर्यापासून येणारे न्यूट्रिनो आपल्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरातून दर सेकंदाला सुमारे ६,५०० कोटी जातात, आणि तुझ्या आख्ख्या आयुष्यात त्यातला एखादा तुझ्या शरीरातल्या अणूला धडकला तर धडकला. म्हणून उपाय एकच, भरपूर पदार्थ समोर ठेवायचा आणि वाट पाहायची. सूदानला मायनॉस नावाच्या प्रयोगासाठी ५,४०० टनांचं यंत्र होतं. पोलादाच्या आठ मीटर रुंद, अष्टकोनी ४८६ पाट्या, एक इंच जाडीच्या, पुस्तकाच्या पानांसारख्या ओळीनं उभ्या, आणि मध्ये प्लास्टिकच्या अशा पट्ट्या की कण गेला की बारीक प्रकाश चमकतो. न्यूट्रिनो लोखंडाच्या अणुकेंद्रावर आदळला की त्यातून म्युऑन निघतो, तो एकामागून एक पाट्या ओलांडतो आणि चमकांची रेघ उमटते. हे सगळं पोलाद त्याच अरुंद शाफ्टमधून तुकड्या-तुकड्यानं खाली नेलं आणि तिथं जोडलं. मी गॅलरीतून पाहिलं तेव्हा त्या पाट्यांच्या रांगेचं दुसरं टोक मला पुसट दिसत होतं. समोरच्या खडकाच्या भिंतीवर एका चित्रकारानं भलंमोठं रंगीत चित्र काढलं होतं. पाताळात चित्र! अजिंठ्याच्या इतक्या जवळ राहणाऱ्या बाईला ते पाहून काय वाटलं असेल, तू समजून घे.

हे न्यूट्रिनो शिकागोजवळच्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेतून मुद्दाम सोडलेले होते. तिथून सूदान ७३५ किलोमीटर. मुंबईहून रेल्वेनं वर्ध्याच्या जवळ पोचावं एवढं. यासाठी बोगदा नव्हता. झोत तिरका जमिनीत घुसवला, खडकातून थेट गेला, सेकंदाच्या चारशेव्या भागात पोचला. निघताना एका यंत्रानं मोजले, पोचल्यावर या यंत्रानं, आणि पोचलेले कमी भरले.

गेले कुठं? सावद्याहून केळीची वॅगन भरली, सगळी श्रीमंती जातीची. दिल्लीला सील उघडलं तर काही घड बसराई निघाले, काही महालक्ष्मी. वजन तेवढंच, चोरी नाही, वाटेत जात बदलली. केळीचं असं होत नाही, न्यूट्रिनोचं होतं. त्याच्या तीन जाती आहेत आणि प्रवासात तो एकीतून दुसरीत जातो. डेव्हिस यांना एक तृतीयांशच का सापडले, त्याचंही उत्तर हेच, कारण त्यांची टाकी एकच जात ओळखत होती. आणि जात बदलते याचा अर्थ त्याला वस्तुमान आहे, थोडं का असेना. आधी तर ते शून्य धरून चालत. हा बदल जपानमधली कामिओका आणि कॅनडातली सडबरी, या दोन खाणींतल्या प्रयोगांनी पक्का केला. त्याचं नोबेल २०१५ साली मिळालं, मी सूदानहून परतल्यावर दोन-अडीच महिन्यांत. वर्गात पेढे वाटले होते मी.

मायनॉसचं काम २०१६मध्ये संपलं. आपल्याकडे झारखंडातल्या जादुगुडा युरेनियम खाणीत साडेपाचशे मीटर खोल एक छोटी प्रयोगशाळा २०१७ साली सुरू झाली आहे. तू फिजिक्स घेणार असशील तर ते नाव लिहून ठेव.

विहिरीच्या तळातून दिवसा चांदण्या दिसतात असं आजी सांगते. मग खाणीतून दिसतात का?
*— इयत्ता सहावी, शिरपूर*

नाही रे राजा. विहिरीतून जो आभाळाचा तुकडा दिसतो तो बाहेरच्या आभाळाएवढाच उजळ असतो, त्यात चांदण्या बुडूनच राहतात. बहात्तर साली वडिलांनी मला यारीच्या डोलीत बसवून तळाशी नेलं होतं. मी मान वर करकरून चांदण्या शोधल्या. निळी थाळी दिसली, आणि तिच्या काठावर आईचं डोकं. सूदानला तर आभाळाचा तुकडाही दिसत नाही. आजीला रागावू नकोस, ही समजूत जगभर आहे.

लोखंडाचा दगड लाल असतो म्हणता. म्हणजे आपला गेरूच ना? मग आपल्या खानदेशात लाल माती, काळा दगड एवढा, तरी लोखंडाची खाण का नाही?
*— गृहिणी, नंदुरबार*

ताई, बरोबर ओळखलंत. सूदानचं खनिज म्हणजे हेमेटाइट, लोखंड आणि ऑक्सिजनचं संयुग. गेरूचा लाल रंगही त्याचाच, आणि अजिंठ्याच्या चित्रांतला तांबडाही. गंमत म्हणजे सूदानचा दगड हातात घेतला तर काळसर करडा, चकाकणारा आणि भलताच जड. पांढऱ्या खरबरीत फरशीवर घासला की लाल रेघ उमटते. वाटाड्यानं ती उमटवून दाखवली तेव्हा मला आईचा हात आठवला. दिवाळीला ओटा सारवल्यावर ती असेच गेरूचे पट्टे ओढायची.

खाणीच्या बाहेर, उद्यानातच, उघड्यावर खडक दिसतो. जास्पर नावाच्या लाल दगडाचे आणि करड्या हेमेटाइटचे पट्टे आलटून पालटून, आणि कोणी ओल्या साडीला पीळ घालावा तशा त्यांना वळ्या पडलेल्या. हा खडक सुमारे २७० कोटी वर्षांचा. आपला काळा पाषाण लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्याच्यापुढं तान्हं बाळ. लोखंड आपल्या दगडातही आहे, म्हणून तो झिजला की माती तांबूस होते. पण ते सगळीकडे विखुरलेलं, एका जागी साठलेलं नाही. त्यासाठी दगड फोडणं कोणालाच परवडत नाही. महाराष्ट्रात जिथं जुना खडक उघडा आहे तिथं लोखंड आहे, गडचिरोलीत सुरजागडला आणि सिंधुदुर्गात रेडीला.

चांगलं लोखंड शिल्लक असताना सूदान बंद का केली? आणि कामगारांचं पुढं काय? पर्यटकांना हे सांगतात का?
*— एसटीतून निवृत्त वाहक, चाळीसगाव*

भाऊ, सांगतात, आणि ते ऐकण्यासारखं असतं.

१८८४ साली तिथलं पहिलं खनिज रेल्वेनं सुपीरियर सरोवराच्या बंदरावर गेलं. आधी वरून उघडे खड्डे खणले, ते खोल आणि कोसळण्याजोगे झाले तेव्हा जमिनीखाली गेले. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधले कसबी खाणकामगार आले, मग फिनलंड, स्लोव्हेनिया, इटली, स्वीडन. एकमेकांची भाषा येत नसलेली माणसं एका मेणबत्तीच्या उजेडात काम करत. कॉर्नवॉलची माणसं मांस-बटाटा भरून भाजलेली करंजीसारखी पॅस्टी डब्यात नेत. आपल्याकडे शेतात भाकरीवर ठेचा बांधून नेतात ना, तशी हातात धरून खायची शिदोरी. गावाचं सूदान हे नाव आफ्रिकेतल्या उष्ण देशावरून, इथल्या कडाक्याच्या थंडीला उलटं म्हणून ठेवलं असं म्हणतात.

खनिज उत्तम होतं. पोलाद करण्याच्या जुन्या पद्धतीच्या भट्टीत हे कठीण ढेकूळच हवं असे. पुढं ऑक्सिजन फुंकून पोलाद करायची पद्धत आली, त्यात त्याची गरज उरली नाही. शिवाय हलक्या प्रतीच्या दगडाची भुकटी करून गोळ्या वळणं सोपं झालं, आणि तो दगड उघड्या खाणीतून यंत्रानं उचलता येतो. अर्धा मैल खालून ढेकूळ आणणं महाग पडू लागलं. खनिज संपलेलं नव्हतं, ते घेणारं गिऱ्हाईक संपलं होतं. आपल्याकडच्या सूतगिरण्या, कापडगिरण्या तुम्ही पाहिल्यात, तुम्हाला जास्त सांगायला नको.

त्या काळच्या खाणींत सूदानला चांगली नोकरी म्हणत, मोटारींतली कॅडिलॅक तशी खाणींतली ही. हवा थंड, जमीन घट्ट, विषारी वायू नाही. खनिज डोक्यावरच्या छतातून पाडायचे आणि टाकाऊ दगडाची भर पायाखाली घालून एकेक पायरी वर चढायचे, म्हणजे छत नेहमी हाताशी आणि तपासता येण्याजोगं. तरी ड्रिलच्या आवाजानं कान जात, दगडाच्या धुळीनं छाती जाई.

कोलारमध्ये हे सुखही नव्हतं. तीन किलोमीटरहून खोल मजले, खडक साठ अंशांवर तापलेला, दाबानं तो फुटून अंगावर यायचा. तमिळ आणि तेलुगू मुलखातून आणलेल्या पिढ्या तिथं राबल्या. त्यांच्या घरांच्या मागं आज सायनाइड वापरून सोनं काढल्यावर उरलेल्या गाळाच्या टेकड्या उभ्या आहेत. त्यांनीही कोणाला तरी खाली नेऊन हे स्वतःच्या तोंडानं सांगावं असं मला मनापासून वाटतं.

परदेश आमच्या मुलांना शक्य नाही. जवळपास काय दाखवू?
*— प्राथमिक शिक्षिका, पारोळा तालुका*

ताई, नागपूरजवळ सावनेरला वेस्टर्न कोलफील्ड्सनं कोळशाच्या भूमिगत खाणीत पर्यटन सुरू केलं आहे. सहल ठरवण्याआधी परवानगी आणि मुलांच्या वयाची अट विचारून घ्या. एक फरक मुलांना आधीच समजावा. सूदानला मेणबत्ती पेटवायचे, कारण लोखंडाच्या दगडातून पेटणारा वायू निघत नाही. कोळशातून मिथेन निघतो, तिथं काडीसुद्धा नेता येत नाही.

पण सुरुवात गावातल्या विहिरीपासून करा. पाण्याची, म्हणजे चालू विहीर, कठडा असलेली, आणि मुलं काठापासून लांब. जुन्या बंद विहिरीत कोणी उतरायचं नाही, मोटार काढायलासुद्धा. तळाला कोंडलेली हवा माणसाला हाक मारायचा वेळ देत नाही. असे प्रसंग दर उन्हाळ्यात आपण वाचतो.

दोरीला झाकणाचा डबा बांधा, झाकण सैल ठेवा. डबा पाण्यात खोल सोडा, पाच मिनिटं तिथंच राहू द्या, मग भराभर ओढून लगेच थर्मामीटर बुडवा. सकाळी सहाला एकदा, दुपारी दोनला एकदा, प्रत्येक वेळी बाहेरच्या हवेचं तापमानही शेजारी लिहा. हेच मे महिन्यात आणि हेच डिसेंबरात. हवेचा आकडा वीस-पंचवीस अंशांनी हलेल, पाण्याचा किती हलतो ते मुलांनी स्वतः पाहू दे. सूदानला बारा महिने एकच स्वेटर का लागतो, ते त्यांना त्या तक्त्यातून कळेल.

आमच्या विहिरीची मे महिन्याची नोंद मी भावाकडून घेऊन ठेवली आहे. डिसेंबरची येऊ द्या, आणि तुमच्या मुलांचा तक्ता पाठवा. दोन्ही शेजारी शेजारी छापू.